६१७४ : देवळालीच्या शिक्षकाची संख्या
नाशिकजवळील देवळालीस १९६२ पर्यंत शिक्षक असलेले कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत जी संख्या विद्वानांपुढें ठेविली, ती ६१७४. रीत सोपी आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. बाकीवर पुन्हा तेंच करावें. बाकींतील शून्यहि अंकच समजावें. शोधाचेंच वर्ष घेऊं. ९९४१ मधून १४९९ वजा जातां ८४४२ उरतात. पुढें ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीस ६१७४. येथून सुटका नाहीं. ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४च! सातांहून अधिक पायऱ्या कोणासहि लागत नाहींत.

यास पोरखेळ म्हणणारे विद्वान होते. आम्हांस तें मान्य नाहीं. बाकी केवळ दोन अंतरांवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतराची ९९९ पट, अधिक मधल्या दोहोंतील अंतराची ९० पट. म्हणून हजारों संख्या पहिल्याच वजाबाकींत ५४ बाक्यांत सामावतात. त्या कोणींहि संध्याकाळीं बसून पडताळाव्या. पण त्या सर्वांची वाट एकाच ठिकाणीं कां जावी? तीन अंकांत असें ठिकाण ४९५ आहे. पांच अंकांत मात्र संख्या चक्रांतच फिरत राहतात.

अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं आपल्या सदरांत लिहिलें, तेव्हां कापरेकरांचें नांव जगभर झालें. त्यांस निवृत्त होऊन तेव्हां तेरा वर्षें लोटलीं होतीं.