राजाची पेठ आणि लोकांचा सभासद

१८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि स्थानकाजवळ गुळाच्या व्यापारास पेठ हवी, हें शाहू छत्रपतींनीं ओळखिलें. १८९५ मध्यें शाहूपुरी वसली. नवी पेठ राजाज्ञेनें उभी राहते. परंतु जुन्या होत जाणाऱ्या वस्तीचीं गटारें, दिवे, रस्ते यांची चिंता रोज कोणीं वाहावी? १९४९ मध्यें संस्थान विलीन झालें, राजाज्ञा संपली. हें काम आतां लोकनियुक्त सभासदाचेंच. तथापि २०२० च्या नोव्हेंबरांत महानगरपालिकेची मुदत सरल्यावर कांहीं वर्षें कारभार प्रशासकाचे हातीं राहिला. प्रशासक कितीही दक्ष असो. गल्लींतील मनुष्यानें हक्कानें ज्याचें दार ठोठवावें, असा तो नव्हे. उपेक्षित वस्तीचें भाग्य त्या दारापासूनच उघडतें.