गिरणींतील स्त्री व तिच्या संरक्षणाचें मोल

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास सांगतांना भोंगा, संप व पुरुष मजूर यांचेंच वर्णन बहुधा केलें जातें. रिळिंग व वाइंडिंग खात्यांत सूत गुंडाळणाऱ्या हजारों स्त्रियांकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. मागावरचें अधिक वेतनाचें काम पुरुषांचें आणि सुताचें हें उक्तें काम स्त्रियांचें, अशी वांटणी तेथें रूढ होती.

सन १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें स्त्रियांच्या कामास ११ तासांची मर्यादा घातली व त्यांच्या रात्रपाळीवर निर्बंध आणला. प्रौढ पुरुषांस त्या वेळीं कसलीच मर्यादा नव्हती. पुढें १९२९ मध्यें मुंबई इलाख्यानें प्रसूतिसाहाय्याचा कायदा केला. हिंदुस्थानांत असा कायदा हा पहिलाच. १९२८ मध्यें कायदे कौन्सिलांत या विधेयकास पाठिंबा देतांना, हा भार मुख्यतः सरकारनें उचलावयास हवा, असें डॉ. आंबेडकर यांनीं म्हटलें होतें. कायद्यानें तो मालकावर टाकला.

सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे. स्त्री कामावर ठेवली कीं रात्रपाळी नाहीं आणि प्रसूतीचा खर्च मात्र अंगावर, असा हिशेब मालकानें मांडला. त्यांत, कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच, ही समजूत सर्वत्र दृढ असल्यामुळें कपातीची कुऱ्हाड आधीं स्त्रीवर पडे. यंत्रें सुधारलीं, पाळ्या वाढल्या, तसतसें गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें. १९८२ च्या मोठ्या संपापूर्वींच तें अगदीं अल्प उरलें होतें.

मग संरक्षण नकोच होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९२२ च्या कायद्यानें ११ तासांची मर्यादा पुरुषांसही लागू केली. तेव्हांपासून निदान त्या सवलतीपायीं स्त्रीस नाकारण्याचें कारण राहिलें नाहीं. मातृत्व सर्वांस सारखें वांटतां येत नाहीं, हें खरें. पण त्याचा खर्च वांटतां येतो.

२०१७ मध्यें प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यांत आली, हें योग्यच झालें. परंतु कामगार विमा योजनेबाहेरील कचेऱ्यांत त्या रजेचें वेतन मालकासच द्यावें लागतें. नोकरीच्या मुलाखतींत आमच्या मुलींस लग्नाचा बेत विचारला जातो, त्यामागें गिरणीमालकाचाच तो जुना हिशेब आहे. तो मोडावयाचा तर पुढच्या पिढीच्या संगोपनाचा हा खर्च सर्व समाजानें आपल्या तिजोरींतून केला पाहिजे, असें आमचें मत आहे.