लाळेतला आरोपी

मराठीत दात 'किडतो'. म्हणजे आत कीड आहे हे भाषेनेच ठरवून टाकलंय! जत्रेत दाताला धुरी देऊन कीड 'काढून' दाखवणाऱ्यांचा धंदा याच समजावर चालायचा. गंमत म्हणजे कल्पना अगदीच चूक नव्हती. कीड डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

विलबी मिलर नावाचा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये होता. त्याने उपटलेले दात पाव आणि लाळेच्या लगद्यात, शरीराच्या तापमानाला ठेवले. दात मऊ पडले. लाळ आधी उकळून घेतली तर काहीच होईना! म्हणजे लाळेत काहीतरी जिवंत आहे, ते आम्ल बनवतं आणि आम्ल दात विरघळवतं. हे सगळं त्याच्या १८९० च्या पुस्तकात आहे. पण मिलरच्या मते आरोपी कुणी एकटा जंतू नव्हता, टोळीच होती.

१९२४ मध्ये लंडनच्या किलियन क्लार्कला किडलेल्या दातांत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स सापडला. म्हणजे आरोपी हाती लागला होता... आणि पुढची पस्तीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलंच नाही. सगळे लॅक्टोबॅसिलसच्या मागे. का? तर तो आम्लात मजेत वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेत पटकन सापडतो. १९३० च्या दशकात लाळेतले लॅक्टोबॅसिलस मोजायला सुरुवात झाली. मग स्नायडरची चाचणी आली: हिरव्या माध्यमात लाळ टाका, २४ तासांत पिवळं झालं तर धोका मोठा, ७२ तासांतही हिरवंच राहिलं तर निवांत. दिसायला भारी! पण हा प्राणी मुख्यतः खड्डा पडल्यावर तिथे मुक्काम ठोकतो. म्हणजे लॉगमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारी एरर हेच मूळ कारण समजून दोन दिवस वाया घालवण्याचा प्रकार. (आमच्या धंद्यात हे दर महिन्याला होतं.)

१९५४ मध्ये ऑरलंडने दाखवलं की जंतुविरहित उंदरांना साखर खाऊ घातली तरी दात किडत नाहीत. १९६० मध्ये फिट्झजेराल्ड आणि कीज यांनी हॅमस्टरमध्ये कीड संसर्गाने पसरते हे सिद्ध केलं, आणि क्लार्कचा जंतू पुन्हा चर्चेत आला. १९७३ मध्ये फक्त म्युटन्सच वाढू देणारं माध्यम तयार झालं. १९८९ मध्ये स्वीडनच्या ब्राटहॉलच्या गटाने सगळं एका प्लॅस्टिकच्या पट्टीवर आणलं: मेण चघळा, पट्टी जिभेवर फिरवा, ३७ अंशांवर दोन दिवस ठेवा, तक्त्याशी ताडून बघा. मिलिलिटरला १० लाखांवर जंतू म्हणजे गडबड.

मग भविष्य कळलं का? नाही ना! आकडा कमी असेल तर दात बहुधा वाचतात, हे बऱ्यापैकी खरं ठरलं. पण आकडा जास्त असूनही दात ठणठणीत असलेले लोक भरपूर निघाले. साखर, फ्लोराइड, लाळेचं प्रमाण हे सगळं मध्ये येतं. आधी किती दात किडलेत हे नुसतं मोजलं तरी अंदाज बहुतेकदा जास्त बरोबर येतो. म्हणजे मिलरची टोळीच खरी म्हणायची!

तरी चाचणी फुकट गेली असं मला वाटत नाही. १९८० च्या दशकात स्वीडनमध्येच बिर्गिटा कोलर यांनी लाळ तपासून जास्त जंतू असलेल्या, पहिलं मूल असलेल्या आया निवडल्या आणि काहींचे जंतू उपचारांनी कमी केले. त्या आयांच्या मुलांमध्ये म्युटन्स उशिरा पोचला, आणि त्यांचे दातही कमी किडले. बाळाचा वरणभात आधी स्वतः चाखून मग त्याच चमच्याने भरवणारी आई तर आपल्या घरोघरी असते...