फाइलीचा आकार आणि डिस्कवरील जागा : दोन ग्रामनामांच्या आधारे एक विवेचन

‘नांदेड’ या नामाचे उच्चारात दोन अवयव, लेखनात तीन अक्षरे आणि संगणकाच्या संकेतांत सहा चिन्हे होतात. ‘लातूर’ची चिन्हे पाच. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ या संकेतपद्धतीत दर चिन्हास एक बाइट लागे. म्हणजे ‘नांदेड’ला ६ बाइट. त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. पुढे १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही पद्धत रचली. तीत इंग्रजी अक्षरास एक, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. अशा रीतीने ‘नांदेड’ १८ बाइटांचे झाले. फाइलीचा आकार म्हणतात तो हाच.

तथापि डिस्कवरील जागा ही निराळी गोष्ट होय. डिस्कची वाटणी ठरावीक मापाच्या खणांनी होते, कारण प्रत्येक बाइटाची स्वतंत्र नोंद ठेवू गेल्यास नोंदवहीच मजकुराहून मोठी व्हावयाची. खतावणीत प्रत्येक खाते नव्या पानावर सुरू करावे आणि उरलेले पान कोरे राहावे, तसाच हा प्रकार. जुन्या ‘फॅट-१६’ पद्धतीत खणांची संख्या सुमारे ६५ हजारांपलीकडे जात नसे. म्हणून २ गिगाबाइटच्या डिस्कवर एकेक खण ३२,७६८ बाइटांचा करावा लागे. १९९६ मधील ‘फॅट-३२’मुळे खण लहान करता आले. आज ४,०९६ बाइटांचा खण सर्वसामान्य आहे. उलट प्रकारही संभवतो. मजकूर संपीडित केला असता तो आकारापेक्षा कमी जागा घेतो. आणि ‘एनटीएफएस’ पद्धतीत अगदी लहान फाइल नोंदीतच सामावल्याने तिची डिस्कवरील जागा शून्यही दाखविली जाते.

बोलीच्या अभ्यासकास या भेदाचे महत्त्व प्रत्यक्ष आहे. तेलंगणास लागून असलेल्या नांदेडमधून आणि बीदरला लागून असलेल्या लातूरमधून सहा चिन्हांचे एक हजार शब्द गोळा केले व प्रत्येकाची स्वतंत्र फाइल केली, असे समजू. एकूण आकार १८,००० बाइट. परंतु ४,०९६च्या खणांत जागा ४०,९६,००० बाइट, आणि ३२,७६८च्या खणांत ३,२७,६८,००० बाइट. तेच शब्द ओळीओळीने एका फाइलीत लिहिले, तर १९,००० बाइट होऊन ४,०९६चे पाच खण, म्हणजे २०,४८० बाइट पुरतात. सबब संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर नेताना केवळ आकार पाहून जागेचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

याहून सूक्ष्म प्रमाद तौलनिक अभ्यासात घडतो. मराठी व इंग्रजी संग्रह बाइटांनी मोजल्यास मराठीचा संग्रह वस्तुतः आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो, आणि अल्प सामग्रीही पुरेशी वाटू लागते. बाइट हे साठवणीचे माप आहे. भाषेचे माप शब्दांनी व वाक्यांनीच घेतले पाहिजे.