घात सांध्याशी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा आमची आजी सांगलीत अंगणात पळाली होती. कोयना धरणात पाणी साठायला १९६२ पासून सुरुवात झालेली. पाणी आणि भूकंप यांचं नातं तपासायला सातारा जिल्ह्यात गोठणे इथे २०१६-१७ मध्ये ३ किमी खोल बोअर मारलं. वर सव्वा किमी काळा कातळ, खाली ग्रॅनाइट!

खोल बोअर ढासळू नये म्हणून केसिंग घालतात. पाइपाला पाइप आट्यांनी जोडत. तेलविहिरींत तर काही वेळा खाली उतरवलेला पाइप आतून शंकू सारून रुंद करतात. त्यात आटे ताणले जातात, सांधा गळू शकतो. म्हणून सांध्यावर बाहेरून पोलादी स्लीव्ह चढवतात. उतरताना सांधा खरचटत नाही, फुगताना आवळलेला राहतो.

आमच्या जतच्या बोअरचा पाइप शाबूत होता. सुटला तो सांधा. गाळ शिरला, दोन एकर डाळिंब वाळलं. प्रोग्रॅममधले बगही मला बहुधा दोन मॉड्यूलच्या मधेच सापडतात. असो. पाइप सगळेच बघतात हो, सांधा कोण बघतो?