आधी नळ, मग स्वच्छता

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये बिनधास्त जेवताना आपण सहज म्हणून जातो, "नाहीतर आपल्याकडची पाणीपुरी!" पण १९६० च्या दशकात इथले फेरीवालेही रस्त्यावरच बसायचे, एकाच बादलीत भांडी विसळायचे आणि खरकटं गटारात ओतायचे.

१९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली. १९७१ पासून नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली सेंटर्स बांधून त्यांना तिथे हलवलं. हे काम १९८६ पर्यंत चाललं. २०२० मध्ये हीच हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली.

हात धुवावेत हे आपल्या पाणीपुरीवाल्यालाही कळतं हो! पण त्याच्या गाडीजवळ नळ कुठाय? पुढच्या भारतवारीत नाक मुरडण्याआधी एवढं आठवूया.