जो गेला आणि जो गेला नाही

दरवर्षी जानेवारीत मी नववीच्या वर्गाला मुहम्मद अलीची गोष्ट सांगतो. १७ जानेवारी हा त्याचा जन्मदिवस. ऐन भरात असताना त्याने व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार दिला आणि जगज्जेतेपद गमावलं, हे ऐकताना वर्ग एकदम शांत होतो. यंदा गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे.

"सर, अली गेला नाही म्हणून मोठा. मग जे गेले ते लहान का?"

घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्याचं उत्तर शोधताना मला एक माणूस सापडला. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, अमेरिकेत मात्र घराघरात ठाऊक आहे. तो म्हणजे रॉजर स्टॉबॅक.

योगायोग पाहा. अली १७ जानेवारी १९४२ ला लुईव्हिलमध्ये जन्मला, स्टॉबॅक ५ फेब्रुवारी १९४२ ला सिनसिनाटीमध्ये. दोघांत अंतर १९ दिवसांचं, आणि दोन्ही शहरं एकाच ओहायो नदीच्या काठावर. पण एक काळा, एक गोरा. त्या काळच्या अमेरिकेत या एका फरकाने माणसाच्या पायाखालची जमीनच बदलत असे.

स्टॉबॅक अमेरिकन फुटबॉल खेळायचा. हा आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. या सगळ्याचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं : लांब फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं. तोवर समोरून आडदांड गडी त्याला लोळवायला धावत आलेले असतात. स्टॉबॅक त्यांच्या हातातून असा निसटायचा की लोक त्याला 'रॉजर द डॉजर' म्हणू लागले.

तो शिकत होता अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीए आहे, तशीच ही अधिकारी घडवणारी संस्था. फरक एवढाच की तिथल्या फुटबॉल संघाचे सामने हजारो लोक बघायला येतात. तिथला व्यवहार सरळ आहे. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, बदल्यात पदवीनंतर ठरलेली वर्षं सेवा द्यायची. स्टॉबॅकच्या वेळी ती चार वर्षं होती.

१९६३ हे त्याचं वर्ष. नौदलाचा संघ नियमित मोसमात फक्त एक सामना हरला, तोही डॅलसमध्ये. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याला तिसऱ्या वर्षाला असतानाच मिळाली. 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो ठरला होता. तेवढ्यात २२ नोव्हेंबरला त्याच डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. मुखपृष्ठ बदललं गेलं.

लष्कर विरुद्ध नौदल हा वर्षातला सर्वांत मोठा सामना पुढे ढकलला. केनेडी स्वतः नौदलातले, आधीच्या दोन वर्षी या सामन्याला हजर राहिलेले. सामना व्हावा अशी त्यांच्या कुटुंबाची इच्छा होती, म्हणून तो ७ डिसेंबरला फिलाडेल्फियात झाला. नौदल २१-१५ ने पुढे होतं. लष्कराचा क्वार्टरबॅक रॉली स्टिचवे आपला संघ घेऊन गोलरेषेपासून दोन यार्डांवर येऊन पोचला. प्रेक्षकांच्या गोंगाटात त्याचा आवाज त्याच्याच खेळाडूंना ऐकू जाईना, आणि वेळ संपली. पुढच्या वर्षी स्टॉबॅक दुखापतींनी बेजार होता. नौदलाने दहापैकी तीनच सामने जिंकले आणि स्टिचवेच्या संघाने त्यांना ११-८ असं हरवलं. पुढे हे दोघे प्रतिस्पर्धी व्हिएतनामला गेले.

खरी गोष्ट इथून सुरू होते. डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने १९६४ च्या ड्राफ्टमध्ये स्टॉबॅकला निवडलं, पण दहाव्या फेरीत. हाइझमन विजेता इतका खाली का? कारण सगळ्यांना ठाऊक होतं की हा चार वर्षं येणार नाही. क्वार्टरबॅकला ती चार वर्षं परत कोण देणार?

स्टॉबॅकला काही रंग ओळखता येत नसत, त्यामुळे त्याला पुरवठा विभागात घेतलं. तो देशातच सुखाने राहू शकला असता. त्याने मागून व्हिएतनामची बदली घेतली आणि चू लाय इथे वर्षभर रसदीचं काम पाहिलं. १९६९ मध्ये काउबॉइजकडे दाखल झाला तेव्हा तो २७ वर्षांचा नवखा होता. जानेवारी १९७२ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. १९८५ मध्ये त्याला व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

आता अलीकडे या. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये सैन्यभरतीसाठी त्याचं नाव पुकारलं गेलं, पण तो पुढे झाला नाही. जूनमध्ये पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपिलामुळे तो तुरुंगात गेला नाही, पण साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर राहिला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

दोघांनीही उमेदीची वर्षं दिली. पण हिशेब सारखा मांडू नका. स्टॉबॅक परतला तेव्हा संघ त्याची वाट बघत होता. अलीला मात्र सरकारने गुन्हेगार ठरवलं होतं आणि अर्धा देश त्याला शिव्या घालत होता. ते युद्ध अन्यायाचं होतं, हे माझं मत स्टॉबॅकची गोष्ट वाचूनही बदललेलं नाही. आणि प्रत्येक खेळाडू परतलाच असंही नाही. १९५५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा क्वार्टरबॅक असलेला डॉन हॉलिडर १७ ऑक्टोबर १९६७ ला व्हिएतनामच्या जंगलात जखमी सैनिकांच्या मदतीला धावला आणि मारला गेला. त्याच्या नावाची वास्तू आज वेस्ट पॉइंटला आहे.

मग त्या मुलाला काय सांगायचं? मी उर्दूही शिकवतो. उर्दूत शब्द आहे 'अहद', मराठीत आपण 'दिलेला शब्द' म्हणतो. स्टॉबॅकने स्वखुशीने शब्द दिला होता. नाव झालं, पैसा समोर आला, तरी त्याने पळवाट शोधली नाही. अलीने सरकारला असा कुठलाच शब्द दिलेला नव्हता. तो त्याच्याकडून सक्तीने मागितला जात होता. त्याने आपल्या श्रद्धेला दिलेला शब्द राखला. दोघांपैकी कुणीही सोयीची वाट धरली नाही. अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, अलीला २००५ मध्ये मिळाला आणि स्टॉबॅकला २०१८ मध्ये.

आपल्याला सवय लागली आहे ती एकाला मोठं करताना दुसऱ्याला छोटं करण्याची. गणवेशातला तो देशभक्त, नकार देणारा गद्दार. किंवा नेमकं उलटं. इतिहास शिकवणारेही यात मागे नाहीत. मीही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी स्टॉबॅकची गोष्ट सांगितली. संपल्यावर त्या मुलाने विचारलं, "सर, हे भाऊला सांगू? आज रात्री त्याचा फोन येणार आहे."

म्हटलं, "सांग. पण अलीचीही सांग."